नेट स्लो आहे? आधी कुठे स्लो आहे ते शोधा

मागच्या मे महिन्यात सांगलीहून मामांचा फोन आला. "अरे, २०० चा प्लॅन घेतलाय आणि येतात ९४. निम्मेसुद्धा नाहीत. त्या कंपनीवाल्याला मी सोडणार नाही." मामा निवृत्त गणित शिक्षक. उरलेले १०६ कुठे गेले याचा त्यांना हिशेब हवा होता. मी एकच विचारलं, "मामा, दर वेळी ९४ च येतात का? कधी ६०, कधी १५० असं नाही ना होत?" "छे! सकाळी बघ, रात्री बघ, ९४ नाहीतर ९५. काटा हलत नाही." काटा हलत नाही म्हटल्यावर मला कंपनीवाल्याची बाजू जरा खरी वाटायला लागली. का, ते पुढे येईल.

नेट रखडलं की आपल्याकडे दोन उपाय ठरलेले असतात. राउटर बंद करून चालू करायचा, नाहीतर आणखी मोठा प्लॅन घ्यायचा. पहिला फुकट आहे, करून बघायला हरकत नाही. दुसऱ्यात मात्र पुष्कळदा आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला असं होतं.

घरचं नेट तीन टप्प्यांत येतं एवढं डोक्यात पक्कं केलं तरी अर्धं काम होतं. मोबाइल किंवा लॅपटॉप ते राउटर हा पहिला टप्पा. राउटर ते तुमच्या कंपनीचं एक्स्चेंज हा दुसरा. तिथून पुढे, जी साइट उघडायची आहे तिच्या सर्व्हरपर्यंत, हा तिसरा. या तिन्हींत जो सगळ्यात अरुंद, त्याच्याएवढाच स्पीड हातात पडतो. पहिला टप्पा पूर्ण आपल्या ताब्यातला, दुसरा कंपनीच्या, आणि तिसऱ्यावर आपलं फारसं चालत नाही. माझ्या ओळखीतल्या बहुतेक तक्रारी पहिल्याच टप्प्यात मिटल्या, म्हणून या लेखात जास्त वेळ तिथेच जाणार आहे.

प्लॅनवरचा आकडा

प्लॅनवर १०० एमबीपीएस लिहिलेलं असतं. हे मेगाबिट आहेत, मेगाबाइट नव्हेत. ८ बिट म्हणजे १ बाइट. फाइलींचा आकार आपण बाइटमध्ये मोजतो आणि लाइनचा वेग बिटमध्ये, म्हणून घोळ होतो. १०० ला ८ ने भागा: सेकंदाला साडेबारा एमबी, तेही सगळं सुरळीत असेल तर. २ जीबीचा सिनेमा उतरायला पावणेतीन मिनिटं लागली तर तुमची १०० ची लाइन अगदी ठणठणीत आहे. डाउनलोड करताना कॉम्प्युटर '११ एमबी दर सेकंदाला' असं दाखवतो आणि लोक म्हणतात, १०० चे पैसे घेऊन ११ देतात! ते ११ म्हणजे ८८ मेगाबिट झाले.

जाहिरातीत आकड्याआधी बारीक अक्षरात 'अप टू' असतं, ते वाचायचं. कर वेगळा असतो तोही धरायचा. १८ टक्के जीएसटी लागून ४९९ चा प्लॅन बिलात ५८९ होतो. 'अनलिमिटेड' लाही बहुधा मर्यादा असते. महिन्याला ३३०० जीबीच्या आसपासची मर्यादा बऱ्याच प्लॅनना दिसते, ती ओलांडली की वेग अगदी खाली आणतात. साध्या घरात एवढा डेटा संपत नाही. छोट्या लोकल कंपनीकडून घेत असाल तर मात्र ही मर्यादा किती, संपल्यावर वेग किती, हे पैसे देण्याआधी विचारा. आणि तिसरा प्रश्न, जो जवळपास कुणीच विचारत नाही: अपलोड किती? काही प्लॅनमध्ये डाउनलोडइतकाच अपलोड मिळतो, काहींत त्याचा एक तुकडा. व्हिडिओ कॉलला हाच तुकडा कामाला येतो.

आता किती हवा? नेटफ्लिक्स स्वतः फुल एचडीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस पुरे म्हणतं. व्हिडिओ कॉलला दोन्ही बाजूंनी ३-४ धरा. समजा हॉलमध्ये मोठ्या टीव्हीवर फोर-के चालू आहे, एका खोलीत मीटिंग, दुसरीत पोराचं यूट्यूब, आणि आजी फोनवर कीर्तन ऐकतायत. सगळं मिळून ३० च्या आत बसतं. चौघांच्या घराला १०० भरपूर झाले असं माझं मत आहे. मोठमोठे गेम उतरवणारं कुणी घरात असेल किंवा कुणाचं काम व्हिडिओ एडिटिंगचं असेल तर २०० किंवा ३०० घ्या. १ जीबीपीएसचा (म्हणजे १००० एमबीपीएसचा) प्लॅन घेऊन तो वायफायवर वापरणाऱ्यांना मी काही बोलत नाही, हौसेला मोल नसतं.

जाता जाता: विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पुढे घरोघरी जे मोडेम आले ते फार तर ५६ केबीपीएसचे (१००० केबीपीएस म्हणजे १ एमबीपीएस). फोनच्या लाइनवरून तो चिरका आवाज काढत कनेक्शन लागायचं आणि तेवढा वेळ घरचा फोन एंगेज. २००४ च्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं. नंतर ते ५१२ झालं आणि जानेवारी २०२३ पासून किमान २ एमबीपीएस. म्हणजे सरकारी व्याख्येचा किमान वेग आणि तुमचा १०० चा प्लॅन यात पन्नास पटींचं अंतर आहे.

भिंतीवरचा डबा आणि त्यावरचे लाइट

फायबरचं कनेक्शन असेल तर बाहेरून काळी, चपटी, बारीक वायर येते. तिच्या आत केसाएवढी काचेची तार असते. ती एका डब्यात शिरते, त्याला ओएनटी म्हणतात. हा डबा प्रकाशाचं रूपांतर विजेच्या सिग्नलमध्ये करतो. वायफाय देणारा राउटर कधी त्याच डब्यात असतो, कधी वेगळा. वेगळा असेल तर दोघांमध्ये एक लॅन केबल असते. ही केबल लक्षात ठेवा, मामांची गोष्ट तिथेच आहे.

ओएनटीवरचे लाइट वाचता आले तर निम्मे फोन वाचतात. 'पॉन' हिरवा आणि स्थिर असेल तर एक्स्चेंजपर्यंतची लाइन जोडलेली आहे. 'लॉस' नावाचा लाइट एरवी बंद असतो; तो लाल झाला की डब्यापर्यंत प्रकाशच पोचत नाहीये. तेव्हा राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही होणार नाही. फायबर कुठेतरी तुटलंय, चेपलंय, किंवा डब्यामागची हिरव्या टोकाची पिन ढिली झालीय. पिन नीट बसवून बघा, लाल तसाच राहिला तर कंपनीला फोन करा. फोनवर "नेट चालत नाही" असं मोघम सांगू नका, "लॉस लाल आहे" म्हणा. समोरचा लगेच भानावर येतो आणि 'राउटर रिस्टार्ट करून बघा सर' चा फेरा टळतो.

दोन गोष्टी करू नका. फायबरची वायर खिळ्याला काटकोनात वळवू नका, तीन-चार सेंटीमीटर त्रिज्येची गोलाई तरी ठेवा; घट्ट वळणावर प्रकाश बाहेर गळतो. आणि काढलेल्या पिनेच्या टोकात डोळा घालून 'लाइट येतोय का' बघू नका. तो लेझर आहे आणि डोळ्यांना दिसतच नाही.

टेक्निशियन आला की त्याच्याकडे हातात मावेल असा मीटर असतो. तो पिनेला लावून तो म्हणतो, "पॉवर मायनस बावीस आहे." हा आकडा म्हणजे तारेतून पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद; तो विचारून लिहून ठेवा. उणे १५ ते उणे २४ मध्ये असेल तर छान. उणे २७ च्या पलीकडे गेला की लाइन कधी लागते, कधी सुटते. बऱ्याच डब्यांच्या सेटिंगच्या पानावरही हा आकडा दिसतो. महिन्यापूर्वी उणे २० होता आणि आज उणे २६ झाला, तर मधल्या कुठल्यातरी जोडात बिघाड होतोय. हे तुम्ही सांगितलंत तर टेक्निशियन तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो.

मोजायचं कसं

स्पीड टेस्ट सोफ्यावर बसून फोनवर केली तर तिन्ही टप्पे एकत्र मोजले जातात आणि दोष कुणाचा ते कळत नाही. म्हणून असं करा.

लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा. लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर यूएसबीवर लागणारा अडॅप्टर मिळतो. घेताना त्यावर 'गिगाबिट' (म्हणजे १००० एमबीपीएसचा) लिहिलेलं बघून घ्या. लॅपटॉपचं वायफाय बंद करा. घरातल्यांना पाच मिनिटं टीव्ही आणि मोबाइलचं नेट थांबवायला सांगा (हीच पायरी सगळ्यात अवघड). मग ऊक्लाची स्पीडटेस्ट आणि नेटफ्लिक्सची फास्ट डॉट कॉम, अशा दोन ठिकाणी टेस्ट करा. तीच टेस्ट सकाळी, दुपारी आणि रात्री साडेनऊ-दहाला करा, आणि आकडे तारीख-वेळ घालून लिहा.

केबलवर प्लॅनइतका वेग आला आणि वायफायवर नाही, तर दोष घरात आहे. केबलवरही नेहमी कमी आला तर दुसऱ्या टप्प्यात. फक्त रात्री कमी झाला, तर तुमच्या भागातल्या लाइनवर गर्दी आहे. घरगुती फायबरच्या प्रचलित पद्धतीत एका तारेवर साधारण अडीच जीबीपीएस येतात आणि वाटेतल्या काचेच्या स्प्लिटरमधून ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. सगळे एकाच वेळी पूर्ण वेगाने काही ओढत नाहीत, म्हणून एरवी हे जमून जातं. रात्री जेवणं झाल्यावर सगळे मालिका लावून बसतात तेव्हा हिशेब ताणला जातो.

आता मामांचे ९४. सांगलीला गेलो तेव्हा आधी मामांची खात्री केली की मी कंपनीच्या बाजूने आलेलो नाही. मग ओएनटी आणि राउटरमधली केबल बघितली. ओएनटी जिन्याजवळ, राउटर हॉलमध्ये, आणि मधली केबल दाराच्या फटीतून नेलेली. बिजागरीपाशी ती चेपून चपटी झाली होती. वरचं आवरण ब्लेडने सोललं तर आत आठ तारांपैकी तपकिरी तार तुटलेली.

लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पिळलेली. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. १०० एमबीपीएसला नारिंगी आणि हिरवी अशा दोनच पुरतात. तपकिरी किंवा निळी तुटली तरी नेट बंद पडत नाही. दोन्ही डबे आपापसात ठरवतात की आता १०० वर भागवू, आणि कुणाला काही सांगत नाहीत. त्या १०० तून डेटाच्या पाकिटांवरची पत्ते-शिक्क्यांची भर वजा जाता हातात ९४-९५ उरतात. म्हणून टेस्टचा आकडा ९४-९५ ला चिकटून बसला असेल आणि प्लॅन त्याहून मोठा असेल, तर आधी केबल बघा. विंडोजमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'लिंक स्पीड' दिसतो. तिथे १००० ऐवजी १०० असेल तर लॅपटॉप आणि राउटरमधली केबल किंवा पोर्ट दोषी. तिथे १००० असूनही टेस्ट ९४ ला अडकत असेल, तर मामांसारखी ओएनटीकडून येणारी केबल बघायची. नवी कॅट-५-ई (गिगाबिट पेलणारी) केबल बाजारातून आणली, दारातून न नेता चौकटीच्या वरून नेली, आणि टेस्टमध्ये १९० च्या वर आकडा दिसला. "म्हणजे कंपनीवाला बरोबर होता?" मामांनी विचारलं. त्यांना ते अजून पूर्ण पटलेलं नाही.

हेच ९४ दुसऱ्या कारणानेही येतात. स्वस्तातल्या राउटरच्या खोक्यावर '३०० एमबीपीएस वायफाय' असं ठळक लिहिलेलं असतं, पण मागची भोकं १०० चीच असतात. ३०० चा वायफाय आणि १०० ची भोकं म्हणजे दिंडीदरवाजा मोठा आणि आतला बोळ अरुंद. राउटर घेताना खोक्यावर 'गिगाबिट पोर्ट' शोधा.

वायफाय

वायफायच्या दोन पट्ट्या घरोघरी असतात, २.४ गिगाहर्ट्‌झ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. २.४ लांब जाते, भिंती बऱ्यापैकी ओलांडते, पण वेग कमी आणि गर्दी फार. ५ चा वेग चांगला, पण दोन भिंती मध्ये आल्या की दम टाकते. नेटवर्कच्या यादीत नावापुढे '५जी' दिसलं तर तो ५ गिगाहर्ट्‌झचा वायफाय. ऑक्टोबर २०२२ मध्ये देशात सुरू झालेल्या मोबाइलच्या ५जीशी त्याचं काही नातं नाही. "आमच्या गावात ५जी आला नाही, मग राउटरवर कसा?" हा प्रश्न मला किमान चार जणांनी विचारलाय.

राउटर कुठे ठेवायचा? जिथे वायर आली तिथे, म्हणजे दाराजवळ चपलांच्या रॅकमागे, हे आपल्याकडचं ठरलेलं उत्तर. वायर वाढवून तो घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर आणा. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी, फिश टँक यांच्या मागे ठेवू नका. धातू लहरी परतवतो आणि पाणी त्या पितं. मायक्रोवेव्हही २.४ च्याच आसपासच्या लहरींवर चालतो, म्हणून दूध गरम करताना स्वयंपाकघरातला कॉल तुटतो. कोकणातली जांभ्याची भिंत किंवा जुन्या वाड्याची दगडी भिंत असेल तर एका राउटरवर पलीकडच्या खोलीत ५ ची पट्टी पोचेल अशी आशाच सोडा.

सोसायटीत राहत असाल तर यादी उघडून किती वायफाय दिसतात मोजा. पंचवीस-तीस सहज भरतात. २.४ च्या पट्टीत एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत: १, ६ आणि ११. सगळा शेजार ६ वर असेल तर तुम्ही १ किंवा ११ घ्या. ३ किंवा ४ वर जाऊन 'मोकळं सापडलं' असं वाटतं, पण तिथे दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचा गोंगाट ऐकू येतो. टीव्ही, लॅपटॉप, बऱ्यापैकी नवे फोन ५ वर ठेवा. स्मार्ट बल्ब आणि जुने फोन २.४ वर.

लांबच्या खोलीसाठी लोक रिपीटर आणतात. साध्या रिपीटरला एकाच पट्टीवर ऐकायचं आणि तेच पुन्हा बोलायचं असतं, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. शिवाय तो लोक नेमका तिथे लावतात जिथे रेंज येत नाही. अहो, त्यालाच ऐकू येत नसेल तर तो पुढे काय सांगणार? लावायचाच तर अर्ध्या वाटेवर लावा. मेश सिस्टिम (एकमेकांशी जोडलेले दोन-तीन डबे मिळून एकच वायफाय) याहून बरी, पण महाग. माझं विचाराल तर लांबच्या खोलीत एक लॅन केबल टाका (१०० मीटरपर्यंत चालते) आणि तिच्या टोकाला जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वायफाय पसरवायला, लावा. भिंतीवर एक पट्टी दिसते, घरातले आठवडाभर बोलतात, नंतर विसरतात. घराचं रंगकाम किंवा वायरिंग निघालं असेल तर प्रत्येक खोलीत लॅनसाठी पाइप टाकून घ्यायला इलेक्ट्रिशियनला आत्ताच सांगा.

वेग आहे, पण कॉल तुटतोय

स्पीड टेस्टमध्ये १०० येतात आणि तरी मीटिंगमध्ये आवाज रोबोसारखा येतो. इथे पिंग बघायचा. मालगाडी एका खेपेत डोंगराएवढा माल आणते पण पोचायला वेळ घेते. फटफटीवरून एकच पाकीट येतं पण झटकन येतं. पहिली गोष्ट म्हणजे एमबीपीएस, दुसरी म्हणजे पिंग, मिलिसेकंदांत मोजलेला जाण्यायेण्याचा वेळ. कॉलला आणि गेमला फटफटी लागते.

विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि तीन पिंग करा. अक्षरं-आकडे अर्थातच इंग्रजीतून टाकायचे. पहिला तुमच्या राउटरला: पिंग, जागा सोडून १९२.१६८.१.१ (काही राउटरना १९२.१६८.०.१, डब्याखालच्या स्टिकरवर असतो). दुसरा १.१.१.१ ला, हा एक सार्वजनिक सर्व्हर आहे. तिसरा गूगल डॉट कॉमला, नावाने.

राउटरचं उत्तर १ ते ५ मिलिसेकंदांत यायला हवं. ते मध्येच ८०, १५० असं उड्या मारत असेल तर वायफाय आजारी आहे, कंपनीला फोन करू नका. राउटर ठीक पण १.१.१.१ ला 'टाइम्ड आउट' येत असेल तर दुसऱ्या टप्प्यात गडबड. आणि आकड्याला उत्तर येतं पण नावाला येत नाही, तर डीएनएस बिघडलाय. नावावरून आकडी पत्ता शोधून देणारी ती टेलिफोन डिरेक्टरी. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ घाला, बरेचदा लगेच चालू होतं.

पिंग चांगला असून ठरावीक वेळी कॉल तुटत असेल तर अपलोड बघा. आमच्या घरी पुण्याहून लग्न आटोपून आलो त्या सोमवारी बायकोची मीटिंग दर दोन मिनिटांनी अडकायला लागली. राउटरला पिंग २, बाहेरचा पिंग ४००. शोधलं तर माझा फोन लग्नाचे अकराशे फोटो आणि सगळे व्हिडिओ क्लाउडवर चढवत बसला होता. अपलोडची वाट एकदा तुडुंब भरली की कॉलची छोटी पाकिटं त्या रांगेत मागे उभी राहतात. बॅकअप रात्री दोननंतर होईल असं करा. राउटरमध्ये 'क्यूओएस' नावाची सोय असेल तर तिथे अपलोडला खऱ्या वेगाच्या थोडी खाली मर्यादा घाला, रांग लागतच नाही.

तिसऱ्या टप्प्यात अंतर येतं. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर, जाऊन येऊन पंचवीस हजार, म्हणजे सव्वाशे मिलिसेकंद तर निसर्गच घेतो. केबल सरळ रेषेत नसतात, म्हणून प्रत्यक्षात २०० च्या आसपास दिसतात. कितीही महाग प्लॅन घेतला तरी हे कमी होणार नाही. यूट्यूब पटकन लागतं कारण मोठ्या व्हिडिओ कंपन्या आपला साठा मुंबईसारख्या ठिकाणी किंवा थेट इंटरनेट कंपन्यांच्या एक्स्चेंजमध्ये ठेवतात. परदेशी जाणारे समुद्राखालचे केबल मुंबईत वर्सोव्यासारख्या ठिकाणी किनाऱ्याला लागतात. जानेवारी २००८ मध्ये भूमध्य समुद्रात इजिप्तजवळ असे केबल तुटले तेव्हा भारतातलं नेटही रखडलं होतं. अशा दिवशी आपल्या घरातला राउटर बडवू नये.

पत्ता, पासवर्ड, वीज

१९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता घरातल्या घरात चालतो, शेजाऱ्याच्या घरातही तोच असतो. बाहेरच्या जगासाठी वेगळा, सार्वजनिक पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात एकूण ४२९ कोटीच आहेत, म्हणून कंपन्या एकच पत्ता अनेक घरांत वाटतात. रोजच्या वापरात त्याने काही अडत नाही. गावच्या घरातला सीसीटीव्ही पुण्यातून बघायचा असेल आणि कॅमेरा कंपनीचं क्लाउड ॲप नको असेल तेव्हा मात्र अडतं. तेव्हा कंपनीकडून वेगळे पैसे भरून 'स्टॅटिक आयपी', म्हणजे फक्त तुमच्यासाठीचा न बदलणारा सार्वजनिक पत्ता, घ्यावा लागतो. डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा) बसवणाऱ्याने 'पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणारी मागणी डीव्हीआरकडे वळवणं) केलंय तरी चालत नाही' म्हटलं की सार्वजनिक पत्ता आहे का ते आधी विचारा.

पासवर्डचं थोडक्यात. राउटरच्या आतल्या पानाचा पासवर्ड आणि वायफायचा पासवर्ड हे दोन वेगळे, दोन्ही बदला. 'ॲडमिन-ॲडमिन' ठेवू नका, मोबाइल नंबरही नको, तो सगळ्या सोसायटीला ठाऊक असतो. सुरक्षेत डब्ल्यूपीए-२ किंवा ३ निवडा, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनवर जोडण्याची सोय) बंद करा. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं काढा.

वीज जाते तिथे इन्व्हर्टर असेल तर ओएनटी आणि राउटर दोन्ही त्यावर घ्या. एकच घेतला तर उपयोग नाही. इन्व्हर्टर नसेल तर राउटरचा मिनी यूपीएस मिळतो. आधी अडॅप्टरवरचा आकडा वाचा, बहुतेक १२ व्होल्ट असतो, पण ९ चा डबाही असतो आणि १२ दिले तर तो जळू शकतो. फायबरच्या वाटेतल्या स्प्लिटरला वीज लागत नाही, त्यामुळे गल्ली अंधारात असली तरी घरचं नेट चालू राहू शकतं. पण सोसायटीच्या डक्टमध्ये किंवा गच्चीवर स्विच बसवून तिथून लॅन केबलने घरोघरी नेट देणाऱ्या लोकल कंपन्या आहेत. तिथे वीज गेली की तुमच्या यूपीएसचा काही उपयोग नाही, डक्टमधल्या स्विचला बॅकअप आहे का ते विचारा. आणि गच्चीवरून तांब्याची लॅन केबल येत असेल तर वळवाचे ढग गडगडायला लागले की ती राउटरमधून काढून ठेवा. काचेतून वीज येत नाही, तांब्यातून येते.

तक्रार करायचीच असेल तर

सगळं तपासून दोष दुसऱ्या टप्प्यातच निघाला तर तक्रार करा, पण नोंदवून. व्हॉट्सॲपवर लाइनमनला 'भाऊ नेट गेलंय' लिहिणं ही तक्रार नव्हे, जरी काम बहुधा तिथेच होत असलं तरी. कंपनीच्या हेल्पलाइनवर किंवा ॲपमध्ये तक्रार टाका आणि डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या. त्यावर काही झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायचं. प्रत्येक परवानाधारक कंपनीला ते ठेवावं लागतं. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिथे पत्र पाठवण्यात वेळ घालवू नका. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. दूरसंचार ग्राहक तिथे जाऊ शकतात असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला आहे.

या सगळ्यात कामाला येतात ते तुम्ही लिहिलेले आकडे. मामांनी त्यासाठी दोनशे पानी वही घातली आहे. तारीख, वेळ, केबलवर किती, वायफायवर किती, राउटरचा पिंग, बाहेरचा पिंग, टेक्निशियनने सांगितलेली पॉवर, असे रकाने पट्टीने आखलेले. ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे वेग खरंच निम्म्यावर यायला लागला. तक्रारीनंतर कंपनीचा पोरगा आला, त्याने नेहमीप्रमाणे "राउटर रिस्टार्ट केलात का काका?" विचारलं, आणि मामांनी चहाच्या आधी वही पुढे केली. पोरगा तीन पानं उलटून म्हणाला, "पॉवर उणे सव्वीसला गेलीय की," आणि शिडी घेऊन खांबाकडे निघाला.